दोन फुटी खाऱ्या टँकला फिल्टर कुठला? तीन दुकानं, तीन उत्तरं

पंतनगर_घाटकोपर

नमस्कार मंडळी. गोड्या पाण्याचे मासे शाळेपासून पाळतोय, त्यामुळे फिल्टर, पाणी बदलणं, सायकल (म्हणजे नव्या टँकमध्ये जिवाणू रुजवणं) हे काही नवीन नाही. खाऱ्या पाण्याचा टँक मात्र पहिल्यांदाच करतोय आणि फिल्टरपाशी येऊन गाडं अडलंय.

टँक आणून झालाय. २४ × १२ × १५ इंच, काठोकाठ भरला तर ७० लिटरच्या आसपास. वाळू आणि दगड गेल्यावर खरं पाणी ५५ लिटर राहील असा अंदाज. घर वन बीएचके. टँक हॉलमध्ये, आणि रात्री त्याच हॉलमध्ये आई-बाबा झोपतात. बाबांची झोप पंख्याच्या कुरकुरीनेही मोडते, त्यामुळे आवाज हा आमच्याकडे छोटा मुद्दा नाही. मासे मोजकेच ठेवणार: ऑसेलारिस क्लाउन माशांची जोडी, एक गोबी मासा, सोबतीला हर्मिट खेकडे आणि गोगलगायी. सगळं नीट बसलं तर वर्षभराने झोआंथिड, मशरूम असले मऊ कोरल (प्रवाळ).

शनिवारी क्रॉफर्ड मार्केटला चक्कर मारली. पहिल्या दुकानात कॅनिस्टर (टँकबाहेर ठेवायचा बंद डब्याचा फिल्टर) आणि त्याला जोडून जंतू मारणारा यूव्ही दिवा सांगितला. दुसऱ्याने ठणकावलं की प्रोटीन स्किमर (बुडबुड्यांनी घाण बाहेर काढणारं यंत्र) नसेल तर समुद्री टँक करूच नका. तिसरे वयस्कर चाचा होते. त्यांनी दोन्ही उडवून लावलं आणि वाळूखाली ठेवायची अंडरग्रॅव्हल प्लेट नि एअर पंप पुढे केला, ‘पहले सब इसी पे चलता था’.

टँक आणि दिवा सोडून बाकी सगळं पंधरा हजारांत बसवायचंय. घरात पिण्याच्या पाण्याचा आरओ आहे, त्याचं पाणी चालेल ना? आणि या तिघांतलं कोणाचं ऐकू?

डोंबिवलीकर

पहिल्याचं. कॅनिस्टर घे आणि मोकळा हो. माझाही दोन फुटीच आहे, दोन क्लाउन आणि एक डॅमसेल, कोरल काही नाही. कॅनिस्टर खालच्या कपाटात बंद, आवाज ऐकायला कान लावावा लागतो. आत खाली जाड स्पंज, मधे सिरॅमिक रिंगा, वर कापूस. खाऱ्या पाण्याचा लोक उगाच बाऊ करतात. यूव्ही मात्र नको, ते पैसे मिठात घाल.

खाजणातला_म्हातारा

पंतनगर, ते तिघे खोटं बोलत नाहीयेत, जे गल्ल्यामागे पडलंय ते विकतायत. डोंबिवलीकरांचंही चालत असेल, त्यावर मागाहून येतो.

गोड्या पाण्यात तुझे जिवाणू पेटीतल्या स्पंजात राहतात, म्हणून आपण पेटीलाच फिल्टर म्हणतो. खाऱ्या टँकमध्ये खरा फिल्टर टँकच्या आत असतो आणि तो म्हणजे दगड. हलका, भोकाभोकांचा दगड घेतला की त्याच्या वरच्या थरावर अमोनियाचं नायट्राइट आणि नायट्राइटचं नायट्रेट करणारे जिवाणू वसतात. इथवर तुझ्या जुन्या टँकसारखंच. पुढचं काम दगडाच्या पोटात चालतं. तिथे पाणी झिरपत पोचतं, पण वाटेतच त्यातला प्राणवायू संपलेला असतो. असल्या जागेतले जिवाणू नायट्रेट फोडून त्यातला प्राणवायू वापरतात, आणि उरलेला नायट्रोजन वायू होऊन पाण्याबाहेर निघून जातो. कॅनिस्टरमधल्या रिंगांवरून पाणी सतत खेळतं, प्राणवायू भरपूर असतो, त्यामुळे तिथे गाडी बहुतेक नायट्रेटपाशीच थांबते. गोड्या टँकमध्ये ते नायट्रेट झाडं खातात. तुझ्या या टँकमध्ये झाडं नाहीत.

तेव्हा पहिला खर्च दगडावर. जुना हिशोब आठ-दहा लिटरला एक किलो असा आहे, म्हणजे तुला सहा-सात किलो. दगड फार हलका असेल तर पाच किलोतही भागेल. मागच्या काचेला भिंत बांधल्यासारखा रचू नकोस. काचेपासून तीन-चार बोटं सोड, खालून कमानी ठेव, चहूबाजूंनी पाणी फिरलं पाहिजे. जिथे पाणी फिरत नाही तिथे गाळ बसतो, आणि गाळ बसला की सगळा हिशोब बिघडला.

समुद्रातून काढलेला, वर प्रवाळ चिकटलेला तुकडा कुणी ‘लाइव्ह रॉक’ म्हणून कोपऱ्यात नेऊन दाखवला तर हातही लावू नकोस. दगडी प्रवाळ, काळं प्रवाळ, समुद्री पंखे हे २००१ पासून वन्यजीव संरक्षण कायद्याच्या अनुसूची १ मध्ये आहेत, ज्या यादीत वाघ आहे त्याच. समुद्रघोडेही तिथेच. मेलेलं आहे, सुकलेलं आहे ही सबब चालत नाही. कोरडा दगड घे. जिवाणू बाटलीतून मिळतात, नाही घातले तरी आपणहून येतात, फक्त वेळ घेतात.

मग पेटी हवी कशाला? पाणी हलवायला आणि कचरा अडवायला. या दोन कामांना टँकच्या काठावर लटकणारा हँग-ऑन फिल्टर पुरतो. तासाला ३०० ते ४०० लिटरचा घे आणि समोरच्या कोपऱ्यात एक छोटा वेव्हमेकर (पाणी ढकलणारा पंप) लाव. दोन्ही मिळून तासाला ६०० ते ८०० लिटर हालचाल झाली की तुझ्या क्लाउनना आणि पुढे मऊ कोरलना भरपूर. हँग-ऑनबरोबर येणारं कार्ट्रिज काढून ठेव. त्या जागी पांढरा फिल्टर कापूस घाल आणि दर दोन-तीन दिवसांनी फेकून दे. धुवायचा नाही, फेकायचा. किलोवर घेतला तर फारच स्वस्त पडतो.

हा फेकण्याचा मुद्दा नीट समजून घे, कारण कॅनिस्टरशी माझं भांडण इथेच आहे. स्पंजात अडकलेली विष्ठा आणि उरलेलं खाणं पाण्याबाहेर गेलेलं नसतं. पाणी त्याच घाणीतून फिरून टँकमध्ये येत असतं. केराचा डबा कपाटात बंद करून घर साफ झालं म्हणण्यातला प्रकार. हँग-ऑनचा कापूस डोळ्यांसमोर काळा पडतो, चिमटीत धरून काढता येतो. कॅनिस्टर उघडायचा म्हणजे नळ्या सोडवा, बादली आणा, फरशीवर खारं पाणी सांडा. माणूस आज करू, उद्या करू करतो आणि टँकचं नायट्रेट चढत जातं. कॅनिस्टर वाईट यंत्र नाही, आळशी माणसाच्या हातात वाईट आहे. आणि आपण बहुतेक सगळे आळशी.

चाचांची प्लेट. पूर्वी खरंच त्यावर चालायचं, ते बरोबर सांगतात. पण वाळूखालून पाणी ओढलं की सगळा गाळ वाळूत जाऊन बसतो, आणि वर सहा किलो दगड ठेवल्यावर तो उपसणार कसा? शिवाय गोबी वाळू उकरतो, प्लेट उघडी पडते. सोड तो नाद.

स्किमर. यंत्र फार सुंदर आहे, मला अजूनही त्याचा कप भरताना बघायला आवडतो. खाऱ्या पाण्यात बुडबुडे एकमेकांत मिसळत नाहीत, बारीकच राहतात. पाण्यातले तेलकट, प्रथिनांचे अंश त्या बुडबुड्यांच्या सालीला चिकटून वर येतात आणि फेस होऊन कपात पडतात. म्हणजे घाण सडून अमोनिया होण्याआधीच बाहेर. गोड्या पाण्यात हे जमत नाही, बुडबुडे जुळून मोठे होतात. पण ५५ लिटर आणि तीन लहान मासे एवढ्यासाठी आठवड्याला सहा-आठ लिटर पाणी बदललंस तर स्किमरवाचून काही अडत नाही. त्यातून या मापाचे स्वस्त स्किमर घरघर करतात आणि सुरुवातीला फेसाची पातळी जुळेपर्यंत डोकं खातात. तुझ्या घरी तर नकोच. तीन फुटी टँक करशील तेव्हा आधी स्किमर घे, मग बाकीचं.

यूव्हीबद्दल डोंबिवलीकर बरोबर. दिव्यासमोरून जे वाहतं तेवढंच मरतं, माशाच्या अंगावर बसलेल्या रोगाला त्याने काहीच होत नाही. त्या पैशांत वीस लिटरचा प्लॅस्टिकचा टब आणि एक स्पंज फिल्टर घे. नवा मासा आधी तिथे महिनाभर. पांढरे ठिपके आले तर औषधही तिथेच, कारण त्यात बहुतेक तांबं असतं. ते मुख्य टँकमध्ये गेलं तर खेकडे-गोगलगायी मरतात आणि दगड तांबं धरून ठेवतो.

तलावपाळी

काकांनी दगडाचं छान सांगितलं. माझा टँक ठाण्यात आहे, याहून थोडा लहानच, म्हणून दोन गोष्टी जोडते.

फिल्टरचा विचार करताना सगळे अमोनियाबद्दल बोलतात, प्राणवायूबद्दल कोणी बोलत नाही. पाणी जितकं गरम आणि जितकं खारट तितका त्यात प्राणवायू कमी मावतो. ३० अंशाला गोड्या पाण्यात लिटरमागे साडेसात मिलिग्रॅम, समुद्राच्या पाण्यात जेमतेम सव्वासहा. मे महिन्यात आणि ऑक्टोबरच्या उकाड्यात आपल्याकडे बंद खोलीतलं पाणी ३१-३२ सहज जातं. मासेही श्वास घेणार, दगडातले कोट्यवधी जिवाणूही. म्हणून पाण्याचा वरचा पृष्ठभाग सतत हलता हवा. हँग-ऑनची धार वरून पडते तिथे हे काम फुकटात होतं. कॅनिस्टरचा पाइप बरेच जण पाण्याखाली ठेवतात, पाणी वरून आरशासारखं स्थिर दिसतं आणि पहाटे मासे वर येऊन धापा टाकतात.

दुसरं, गरमीसाठी काठावर क्लिपचा छोटा पंखा लाव. एक लिटर पाण्याची वाफ होताना जेवढी उष्णता जाते तेवढ्यात तुझं ५५ लिटर पाणी दहा अंशांनी थंड होऊ शकतं. बाहेरून उष्णता येतच राहते म्हणून प्रत्यक्षात दोन-तीन अंश मिळतात, पण तेवढे पुरतात. जुलैत हवाच ओली असते, तेव्हा पंखा फारसा चालत नाही; पण तेव्हा उकाडाही थोडा उतरलेला असतो. पंपही बघून घे. पाण्यात बुडालेला पंप जितके वॅट खातो ते जवळपास सगळे शेवटी उष्णता होऊन पाण्यातच येतात. २५ वॅटचा वेव्हमेकर म्हणजे वर्षभर चालणारा छोटा हीटर. पाच-सात वॅटचा डीसी घे.

पंखा लावला की मात्र रोज पाणी घालायची सवय लागली पाहिजे. वाफ होऊन जातं ते नुसतं पाणी, मीठ टँकमध्येच राहतं. दिवसाला दीड लिटर उडालं तर ३५ ची क्षारता (हजार भागांत ३५ भाग मीठ) दुसऱ्या दिवशी ३६. लग्नाला गावी गेलात, तीन दिवस कोणी पाणी घातलं नाही, की ३८. मोठ्या टँकला हे जाणवत नाही, आपल्याला जाणवतं. भरपाई बिनमिठाच्या पाण्याने करायची, खाऱ्या नाही. काचेला बाहेरून एक चिकटपट्टी लाव आणि रोज त्या रेषेपर्यंत भर.

सायकलसाठी लोक कच्च्या कोळंबीचा तुकडा टाकायला सांगतात, तो सडला की जिवाणूंना अमोनिया मिळतो. आमच्या मजल्यावर सगळी शाकाहारी कुटुंबं. चौथ्या दिवशी सेक्रेटरी नाक धरून दारात.

पंतनगर_घाटकोपर

खूप आभार, काका आणि ताई. हँग-ऑन नक्की. पण तीन शंका राहिल्या.

एक, धार वरून पडणार म्हणजे रात्रभर टपटप नाही का होणार? दोन, आरओच्या पाण्याचं कोणी बोललंच नाही. तीन, कोळंबी आमच्याकडेही चालणार नाही. सेक्रेटरीचा प्रश्न नाही, आईच ती आधी स्वयंपाकघरात नेईल.

आणि खरं सांगा, मीठ भारी पडतंय. जाडं मीठ घेतलं तर? शेवटी तेही समुद्राचंच ना?

खाजणातला_म्हातारा

आवाजाचं सोपं आहे. टँक काठाखाली बोटभर सोडून पूर्ण भरलेला असेल तर हँग-ऑनची पट्टी पाण्याला टेकते आणि पाणी सरकत आत जातं, पडत नाही. पातळी इंचभर उतरली की धबधबा सुरू. बाबा कूस बदलायला लागले की टँकमध्ये पाणी घालायची वेळ झाली असं समज. तलावपाळीबाईंची चिकटपट्टी यासाठीही उपयोगी.

हँग-ऑन घेताना मोटर कुठे आहे ते बघ. मोटर आत पाण्यात बुडणारी असेल तर वीज जाऊन आली तरी आपोआप पाणी उचलते. मोटर बाहेर खोक्याखाली असेल तर पातळी उतरल्यावर ती कधी कधी नुसती गुरगुरते, पाणी उचलत नाही. दोन-तीनशे रुपये जास्त पडले तरी आतल्या मोटरचा घे.

आता पाणी. मुंबईचं नळाचं पाणी तलावांचं आहे, मुळात मऊ. माझ्याकडे टीडीएस मीटर (पाण्यात विरघळलेले क्षार मोजणारा) शंभराच्या खालीच दाखवतो. पण त्यात क्लोरीन असतं आणि इमारतीच्या टाकीतून, जुन्या पाइपांतून येताना काय काय मिसळतं ते आपल्या हातात नाही. घरच्या आरओचं पाणी चालतं, फक्त एक बघ: चवीसाठी म्हणून त्यात मिनरलचं कार्ट्रिज किंवा टीडीएस वाढवणारा छोटा नॉब असतो. तो थोडं न गाळलेलं पाणी परत मिसळतो. मेकॅनिकला सांगून नॉब बंद कर किंवा कार्ट्रिजच्या आधीच्या नळीतून पाणी काढ. मीटरवर दहाच्या खाली आलं की घे. बेस्ट म्हणजे पुढे उरलेसुरले क्षार धरणारी डीआय रेझिनची नळी, पण क्लाउन आणि गोबीसाठी आत्ता नसली तरी भागेल.

कुणी गिरगाव चौपाटीहून कॅन भरून आणायला सांगितलं तर ऐकू नकोस. किनाऱ्याच्या पाण्यात आपल्या शहराचं सांडपाणी असतं, आणि पावसाळ्यात तर ते पाणी पुरतं खारटही नसतं.

जाड्या मिठाचा प्रश्न आवडला. मी मुलुंडचा, पूर्वेला मिठागरं बघत वाढलो. आगरात समुद्राचं पाणी आटवतात तेव्हा सगळं एकदम खाली बसत नाही. आधी चुनखडीचा अंश, मग जिप्सम, म्हणजे कॅल्शियम खाली बसतं. मग पुढच्या वाफ्यात मीठ धरतं. मॅग्नेशियम शेवटपर्यंत पाण्यातच राहतं, आणि ते कडवट पाणी आगरी माणसं काढून टाकतात, नाहीतर मीठ कडू होईल. म्हणजे चांगलं मीठ याचा अर्थच असा की त्यातून बाकीचं काढून टाकलंय. समुद्राच्या लिटरभर पाण्यात कॅल्शियम चारशे मिलिग्रॅमच्या आसपास आणि मॅग्नेशियम तेराशेच्या आसपास असतं, पीएच सांभाळणारे क्षार वेगळे. जाडं मीठ आमटीत घाल. टँकला तयार सॉल्ट मिक्सच. लिटरला साधारण ३८ ग्रॅम, आठ लिटरला तीनशे ग्रॅम. महिन्याला सव्वा किलोच्या आसपास जातं, तेव्हा मोठी बादली एकदाच घेतलेली स्वस्त. मिसळताना बादलीत छोटा पंप सोडून रात्रभर फिरू दे, आणि टँकमध्ये ओतण्याआधी खारटपणा मोजणाऱ्या रिफ्रॅक्टोमीटरने बघ. २५ अंशाला सापेक्ष घनता १.०२५ ते १.०२६ हवी.

कोळंबीला पर्याय अमोनियम क्लोराइड, आपला नवसागर. पण कल्हईवाल्याकडचा नको, त्यात काय भेसळ असेल सांगता येत नाही. प्रिन्सेस स्ट्रीटला प्रयोगशाळेची रसायनं विकणारे आहेत, तिथून शुद्ध प्रतीची लहान बाटली आण. दहा ग्रॅम घेऊन तीनशे मिली आरओच्या पाण्यात विरघळव. त्यातलं दहा मिली टँकमध्ये टाकलं की ५५ लिटरला अमोनिया दोन पीपीएमच्या (लिटरमागे दोन मिलिग्रॅमच्या) आसपास जातो. मग टेस्ट किटने बघत राहा. आधी अमोनिया उतरेल, नायट्राइट चढेल, मग तेही उतरेल, नायट्रेट दिसायला लागेल. आज टाकलेलं दहा मिली उद्या याच वेळेला अमोनिया शून्य, नायट्राइट शून्य करून दाखवलं की दगड तयार. चार ते सहा आठवडे धर. मग थोडं जास्त पाणी बदल आणि क्लाउन आण. तोवर दिवा लावायची गरज नाही, उगाच शेवाळ येईल.

घाई का करायची नाही तेही सांगतो. अमोनियाचा विषारी भाग पीएचवर ठरतो. तुझ्या गोड्या पाण्याच्या टँकमध्ये पीएच ७ असेल तर एकूण अमोनियातला शेकडा एकही भाग विषारी नसतो. समुद्राच्या पाण्यात पीएच ८.२, तिथे २८ अंशाला तोच भाग सात-आठ टक्के. त्यामुळे गोड्या पाण्यात जेवढा अमोनिया मासा पचवून जातो तेवढ्यात इथे तो आडवा पडतो. गोड्या पाण्यात हात बसलेल्या माणसाने हा आकडा लक्षात ठेवावा.

क्लाउन घेताना पैदाशीचाच माग. केंद्रीय सागरी मत्स्य संशोधन संस्थेने आपल्या देशातच क्लाउनची पैदास करून दाखवली आहे, आता हॅचरीचे मासे बाजारात मिळतात. ते टँकमध्ये जन्मलेले असतात, दाण्याला लगेच तोंड लावतात. समुद्रातून पकडलेला दोन रुपये स्वस्त असेल, पण तो खाईल की नाही इथपासून सुरुवात. आणि त्यांना ॲनिमोन (समुद्रात ते ज्यात राहतात तो जीव) लागतं हे डोक्यातून काढ. नसलं तरी खुशाल राहतात, हँग-ऑनच्या खालचा कोपरा धरून बसतात.

विजेचं काम मी आयुष्यभर केलं, म्हणून हे सांगितल्याशिवाय राहवत नाही. टँकच्या प्रत्येक वायरला प्लगच्या आधी खाली झोळ दे, म्हणजे वायरीवरून ओघळणारं पाणी झोळावरून खाली पडेल, प्लगमध्ये जाणार नाही. एक्स्टेंशन बोर्ड टँकखाली जमिनीवर नको, भिंतीला उंच. खाऱ्या पाण्याचे शिंतोडे वाळून मिठाची पापडी धरते आणि ती ओलावा ओढून घेते, पितळी पिना हिरव्या पडतात. टँकच्या लाइनवर ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी (गळती झाली की वीज तोडणारा स्विच) बसव. लोहार चाळीत मिळेल. फिल्टर महिनाभराने घेतलास तरी चालेल, हा आधी.

डोंबिवलीकर

काका, आळशी म्हणालात ते मनाला लागलं, पण मी दर दुसऱ्या रविवारी कॅनिस्टर उघडतो. स्पंज टँकच्याच काढलेल्या पाण्यात धुतो, नळाच्या नाही. माझं नायट्रेट वीस पीपीएमच्या खाली आहे. तेव्हा सरसकट कॅनिस्टरला नावं ठेवू नका. शिवाय हँग-ऑनच्या मागे काचेवर, भिंतीवर मीठ धरतं, भिंतीचा रंग जातो, ते कोणी सांगत नाही.

खाजणातला_म्हातारा

दर दुसऱ्या रविवारी उघडत असाल तर तुम्हाला माझा दंडवत. मग तुमचं बरोबरच आहे, वीस म्हणजे उत्तम. भिंतीचं म्हणणंही खरं. टँकमागे चार इंच जागा ठेवावी आणि ओल्या फडक्याने आठवड्याला पुसावं.

एकच विचारतो. तुमच्याकडे वीज किती वेळ जाते?

डोंबिवलीकर

शुक्रवारी कधी कधी देखभालीसाठी तीन-चार तास. पावसाळ्यात विचारू नका.

खाजणातला_म्हातारा

तेच. १२ ऑक्टोबर २०२० ला मुंबईची वीज गेली, कुठे दोन तासांत आली, कुठे संध्याकाळ उजाडली. घाटकोपरला रोज असं होत नाही, पण होतं तेव्हा कॅनिस्टरच्या बंद डब्यातले जिवाणू आधी डब्यातला प्राणवायू संपवतात, मग मरायला लागतात. वीज आली की तेच सडकं पाणी थेट टँकमध्ये. तीन-चार तासांहून जास्त वेळ बंद राहिला तर चालू करण्याआधी उघडून धुवायचा, एवढं पाळा. दगड टँकमध्येच असतो, त्याच्यावरून थोडंफार पाणी फिरतंच. त्या वेळेसाठी बॅटरीवर चालणारा एअर पंप मात्र घरात हवा. पंतनगर, तुलाही.

आणि डोंबिवलीकर, कॅनिस्टर विकू नका. कोरल ठेवायची इच्छा झाली तर रिंगा हळूहळू काढा, एका वेळी मूठभर, तेवढाच दगड टँकमध्ये वाढवा. रिकाम्या जागेत कार्बनची (पाण्यातला रंग-वास ओढणाऱ्या कोळशाची) पिशवी आणि कापूस. सगळ्या रिंगा एकदम काढल्यात तर अमोनिया दिसेल.

पंतनगर_घाटकोपर

यादी केली: सहा किलो कोरडा दगड, आतल्या मोटरचा हँग-ऑन, सहा वॅटचा डीसी वेव्हमेकर, मिठाची बादली, रिफ्रॅक्टोमीटर, अमोनिया-नायट्राइट-नायट्रेटचं किट, क्लिपचा पंखा, बॅटरीचा एअर पंप, टब, स्पंज फिल्टर, आरसीसीबी. बेरीज चौदा हजारांवर जातेय. सगळ्यात महाग मीठ आणि किट, फिल्टर त्यात चौथ्या-पाचव्या नंबरवर.

कार्बन कायम ठेवायचा का?

तलावपाळी

कायम नाही. पाणी पिवळट दिसलं किंवा रंगाचा-पेस्ट कंट्रोलचा वास घरात गेला तर पिशवी टाक, तीन-चार आठवड्यांत काढ. आधी आरओच्या पाण्यात खळखळून धू, नाहीतर काळी भुकटी थेट क्लाउनच्या अंगावर. आणि पेस्ट कंट्रोलवाले येणार असतील त्या दिवशी एअर पंप खोलीत चालू ठेवू नकोस, तो खोलीतलीच हवा टँकमध्ये ढकलतो.